गिझर बंद ठेवा

घरातलं इंटरनेट बंद पडलं की माणूस आधी मोडेमला थापटतो. मग त्याची वायर काढून पुन्हा लावतो. मग बायकोला विचारतो, तू इथे फडकं मारलं होतंस का. हे तिन्ही उपाय हरले की आम्हाला फोन येतो. मी हे वीसेक वर्षं ऐकलं, आणि प्रत्येक वेळी फोनवरचा माणूस असं बोलायचा की जगात इंटरनेट फक्त त्याच्याच घरी बंद पडलंय.

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेल्यांच्या आठवणी येतात. त्यांनी फायली हलवल्या, मी वायरी हलवल्या. संपादक बाईंनी या वर्षी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला तक्रारीच्या स्लिपा सोडून काही लिहायची सवय नाही. त्या म्हणाल्या, "खैरे, मग एका स्लिपेचंच लिहा." हे बाईंनी गमतीत म्हटलं असेल, पण माझ्याकडे खरोखरच एक स्लिप आहे.

माझे वडील नगर जिल्ह्यातून दिल्लीला एका मंत्रालयात दफ्तरी म्हणून आले. मी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. घरात मराठी, जिन्यात हिंदी. सरकारी नोकरी मला लागली नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार जोर लावलाही नाही. त्या सुमारास यमुनेपलीकडे इंदिरापुरम, वैशाली, नोएडा अशी नवी गावं भराभर उभी राहत होती. कालपर्यंत जिथे मोहरीची शेतं होती तिथे बारा-बारा मजली टॉवर आले, आणि राहायला आलेला प्रत्येक जण सामान उतरवायच्या आधी विचारायचा, नेट कब लगेगा? एका केबल कंपनीला खांबावर चढणारी माणसं हवी होती. मी चढलो.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण आजच्या मुलांना वाटतं की इंटरनेट हवेतून येतं. तेव्हा ते टीव्हीच्या केबलमधूनच यायचं. ही केबल म्हणजे पाण्याचा पाइप समजा. एका टॉवरवरून दुसऱ्यावर, गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून घरात. जिथे जोड सैल तिथे गळती, जिथे फाटे जास्त तिथे धार बारीक. फरक एवढाच, की टीव्हीचं पाणी फक्त खाली येतं आणि इंटरनेटचं पाणी वरही चढावं लागतं. तुम्ही काय मागताय ते आधी वर पोचलं तरच खाली काहीतरी येणार. मोडेमवर दोन दिवे असायचे, एक येणाऱ्याचा, एक जाणाऱ्याचा. आमचं निम्मं आयुष्य त्या जाणाऱ्या दिव्याच्या मागे गेलं.

नोएडात एक निवृत्त कर्नलसाहेब होते. टीव्ही झकास, इंटरनेट मेलेलं. मी तीन खोल्या धुंडाळल्या आणि शेवटी टीव्हीमागे एक छोटी डबी सापडली. कुणा दुकानदाराने चित्र स्वच्छ दिसावं म्हणून बूस्टर बसवून दिला होता. बूस्टर येणाऱ्याला जोर देतो, पण जाणाऱ्याला दारातच अडवतो. मी सांगितलं, "सर, आपने वन-वे कर रखा है." कर्नलसाहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी तो बूस्टर माझ्यासमोर कचऱ्यात टाकला आणि मला बसवून ऑम्लेट खाऊ घातलं. आर. के. पुरममध्ये माकडांनी केबलचा झोपाळा केला होता. तिथे मी केबल दुरुस्त करायचो आणि माझी पाठ वळली की ती पुन्हा झुलायला हजर. त्या लढाईत मी हरलो, हे कबूल करतो.

बाकी मी सहसा हरायचो नाही. हातात सिग्नल मोजायचा मीटर असला आणि समोर जोड असला की मला बिघाड दिसायचा. कंपनीतली माणसं अडलेली तक्रार माझ्याकडे ढकलायची, "खैरेजी को दो." आणि माझी एक खास ओळख होती. माझ्या लाइनी सरळ असायच्या. इतर मेकॅनिक दोन टॉवरमध्ये केबल टाकायचे ती मधोमध लोंबायची, टोकाला वेटोळं सोडलेलं, बघायला गबाळं. मी ओढून, मापून, बरोब्बर कापून बसवायचो. काम झालं की जोडावर लाल टेपचे दोन वेढे द्यायचो. ती माझी सही. इंदिरापुरमच्या एका सोसायटीत भर जूनच्या दुपारी मी दोन टॉवरमध्ये लाइन टाकली तेव्हा तिथले सेक्रेटरी खालून वर बघत म्हणाले, "वाह! लाइन हो तो ऐसी. जैसे स्केल से खींची हो." ते वाक्य मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

आमच्या धंद्यातली आणखी एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कधी कधी बिघाड सापडतच नाही. तुम्ही पोचता आणि सगळे दिवे लखलखीत. कंपनीचा नियम असा, की मेकॅनिक समोर असताना मोडेम चालू असेल तर तक्रार बंद करायची आणि ग्राहकाची सही घ्यायची. पण ग्राहक सुखासुखी सही देत नाही. मग आम्ही त्याला वैद्यासारखं काहीतरी पथ्य द्यायचो. मोडेम फ्रिजपासून लांब ठेवा. कॉर्डलेस फोन दुसऱ्या खोलीत न्या. मिक्सर चालू असताना नेट वापरू नका. माणसाला करायला काही मिळालं की तो सही करतो, आणि चार दिवस तरी फोन करत नाही. मी एकाला सांगितलं होतं, माशांची टाकी मोडेमच्या जवळ आहे ती हलवा. योगायोगाने त्याचं नेट सुधारलं. त्याने ते साऱ्या टॉवरला सांगितलं, आणि महिन्याभरात त्या इमारतीतल्या तीन मत्स्यटाक्या बाल्कनीत गेल्या. हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

त्याच इंदिरापुरमच्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर, पाठारे काका-काकू राहायला आले. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून निवृत्तीनंतर त्यांनी हा फ्लॅट घेतला होता. काकूंनी दिल्लीतल्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मराठी घर म्हणून मी त्यांचं कनेक्शन स्वतः लावून दिलं, आणि काकूंनी थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

काकूंना इंटरनेट कशाला, असं मला वाटलं होतं. दिल्लीतल्या एका संस्थेकडून त्या अमेरिकेतल्या मुलांची इंटरनेटवरून शिकवणी घेत. तिकडे संध्याकाळ झाली की इकडे पहाट. रोज सकाळी साडेसहाला काकू कानाला हेडफोन लावून, समोर कॉम्प्युटरला जोडलेली लिहायची पाटी ठेवून बसत. कॅमेरा नव्हता, समोरच्या मुलाला त्या दिसत नसत, तरी त्या इस्त्रीची साडी नेसून बसत.

"शाळेने साठीला हार घातला आणि घरी पाठवलं," त्या मला म्हणाल्या. "सहा महिने मी नुसती भिंतीकडे बघत होते, खैरे. आता परत वर्ग मिळालाय. एमिली म्हणून एक मुलगी आहे, अपूर्णांक म्हटलं की रडायची. आता मलाच गणितं घालते."

डिसेंबर उजाडला आणि काकूंची तक्रार आली. सकाळी नेट जातं.

मी साडेअकराला पोचलो. दिवे लखलखीत. मीटर लावला, उत्तम. तरी घरातला जोड नवा करून दिला, स्लिपेवर "फॉल्ट मिळाला नाही" लिहिलं, सही घेतली. आठवड्याने पुन्हा तक्रार. मी बाराला गेलो. दिवे लखलखीत. या वेळी कॉर्डलेस फोन बेडरूममध्ये नेऊन ठेवायला सांगितलं. काकूंनी माझ्यासमोर तो हलवला. सही.

तिसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एमिलीचा तास मध्येच तुटला होता, तोही परीक्षेच्या आदल्या दिवशी. संस्थेने एमिली दुसऱ्या शिक्षकाला देऊन टाकली होती. तीन तास तुटले की शिक्षकाचं नाव यादीतून काढायचं, असा त्यांचा नियम. दिवा आधीच गेलेला दिसला की काकू संस्थेला फोन करून तास पुढे ढकलत, पण सुरू झालेला तास तुटला की तो मोजला जाई.

"एक झाला," काकू म्हणाल्या. "ती रडली असेल हो. आणि मला सांगताही आलं नाही, की बाळा, मी नाही उठून गेले, लाइन गेली."

मला वाईट वाटलं. पण मीटर उत्तम दाखवत होता, आणि मीटर खोटं बोलत नाही यावर माझी श्रद्धा होती. शेजाऱ्यांचे टीव्ही सकाळी व्यवस्थित चालत होते. म्हणजे लाइन ठीक. म्हणजे दोष घरात. मी इकडेतिकडे पाहिलं. बाथरूमच्या दारावर गिझरचा लाल दिवा दिसला.

"काकू, गिझर किती वाजता लावता?"

"सहाला. यांची आंघोळ असते. पूजा करायची असते ना."

"मग हेच," मी ठामपणे म्हणालो. "गिझरचा लोड आला की व्होल्टेज पडतं, मोडेम दबतो. तास संपेपर्यंत गिझर बंद ठेवा."

पाठारे काका सोफ्यावरून म्हणाले, "बिल्कुल. बंद ठेवू. माझी आंघोळ काय, कशीही होईल." स्लिपेवर मी लिहिलं, "कारण: ग्राहकाचा गिझर." सही.

पुढचे चार-पाच दिवस आभाळ भरून आलं होतं, थंडी जरा ओसरली होती, आणि काकूंचं नेट एकदाही गेलं नाही. त्यांनी मुद्दाम फोन केला, "खैरे, तुमचा गिझर लागू पडला हं!" मी म्हटलं, "काकू, अनुभव आहे." ऑफिसात मत्स्यटाकीच्या शेजारी आता गिझरचा किस्साही लागला.

मग आभाळ मोकळं झालं, कडाक्याची थंडी पडली, आणि काकूंचा दुसरा तास तुटला. गिझर बंद असताना.

तरी काकूंना माझी शंका आली नाही. त्यांना वाटलं, शेजारच्या अहुजांचा गिझर असेल. त्या जाऊन त्यांना विनंती करून आल्या. अहुजा म्हणाले, "आंटीजी, आप तो मेरा नहाना भी बंद करवा दोगी!" हे मला काकूंनी फोनवर सांगितलं, आणि मला पहिल्यांदा जरा ओशाळल्यासारखं झालं. पण पुढे त्या जे बोलल्या त्याने मी फोन घेऊन उभा राहिलो.

"खैरे, मला केबलमधलं काही कळत नाही. पण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहून ठेवलंय, दिवा कधी गेला, कधी आला. जातो तो साडेपाच ते सातच्या मध्ये, सगळ्यांत जास्त थंडी असते तेव्हा. येतो तो कधी नऊला, कधी दहाला, कधी साडेअकराला. हे कधी-कधी मला खुपत होतं. काल मी दुसऱ्या रंगाने त्यात धुकं लिहिलं. ज्या दिवशी धुकं, त्या दिवशी दिवा उशिरा येतो. ज्या दिवशी स्वच्छ ऊन, त्या दिवशी नऊला. आणि आभाळ होतं त्या दिवसांत गेलाच नाही. गिझर सगळे दिवस बंदच होता. मग हा गिझर कसा? हे ऊन आहे."

मी स्लिपबुक काढून माझ्या भेटींच्या वेळा बघितल्या.

"तुम्ही नेहमी अकरानंतर येता," काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, त्या गणित मांडत होत्या. "उद्या साडेसहाला तास आहे, आणि संस्था तो आता पुढे ढकलू देत नाही. तिसरा तुटला तर माझं नाव जाईल. तुम्ही एकदा, फक्त एकदा, उन्हाच्या आधी येता का?"

आमची पाळी दहाला सुरू व्हायची. थंडीत दहाच्या आधी गच्चीवर चढलेला मेकॅनिक मी पाहिला नव्हता, मी स्वतःही चढलो नव्हतो. वर्षानुवर्षं आम्ही सगळे बिघाडाकडे तो बरा झाल्यावर जात होतो, आणि हे आमच्या ध्यानात आणून दिलं गणिताच्या बाईंनी, घरबसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मयूर विहारहून मी स्कूटर काढली. धुकं असं, की स्वतःचा हेडलाइट समोर भिंतीवर पडल्यासारखा दिसत होता. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याचा माग धरून मी सव्वासहाला सोसायटीत पोचलो. आधी सातव्या मजल्यावर गेलो. दार पाठारे काकांनी उघडलं. ते लंगडत होते, उजव्या पायाला पांढरं बँडेज.

"काय झालं काका?"

"काही नाही हो, गरम पाणी सांडलं थोडं. या, या."

आत काकू हेडफोन गळ्यात घालून बसल्या होत्या. मोडेमवर येणाऱ्याचा दिवा स्थिर, जाणाऱ्याचा लुकलुकत होता, लुकलुकून विझत होता. माझ्या समोर तो दिवा बंद असा मी पहिल्यांदा पाहिला. मी तसाच वळलो आणि गच्चीकडे पळालो. गार्ड किल्ली देताना म्हणाला, "इतनी सुबह? ऊपर कुछ दिख तो रहा नहीं, साहब." त्याचं बरोबर होतं. समोरचा टॉवर नव्हताच, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून एक काळी केबल सरळ, अगदी सरळ येत होती आणि कठड्यावरच्या पेटीत शिरत होती. जोडावर लाल टेपचे दोन वेढे होते.

पेटी उघडली, टॉर्च मारला. जोडाच्या आत केबलची मधली तार जिथे स्क्रूखाली दाबलेली असायला हवी तिथे नव्हती. नखाच्या जाडीएवढी मागे सरकली होती.

म्हणजे काय झालं होतं ते सांगतो. धातू थंडीत आखडतो, हे शाळेत सगळेच शिकतात. मीही शिकलो होतो. जूनच्या उन्हात मी ती केबल ताणून, बरोब्बर मापात कापली. इकडे तिकडे बोटभरही जास्त ठेवली नाही. जानेवारीच्या पहाटे ती आखडली तेव्हा तिला आखडायला जागा नव्हती, म्हणून तिने जोडातून पाय काढून घेतला. ऊन पडलं की ती फुलायची आणि पुन्हा टेकायची, आणि त्यानंतर मी मीटर घेऊन यायचो. आणि एवढीशी फट टीव्हीला चालते. टीव्हीचा सिग्नल उंच पट्टीतला, तो फटीवरून उडी मारून जातो. इंटरनेटचा वर जाणारा आवाज खालच्या पट्टीतला, तो पहिल्यांदा मरतो. म्हणून साऱ्या टॉवरची भजनं चालू होती आणि फक्त काकूंचा वर्ग बंद पडत होता, कारण त्या टॉवरमध्ये सकाळी, ऑफिसांच्या घाईत, इंटरनेट लावणारं दुसरं कुणी नव्हतंच. इतर मेकॅनिक टोकाला वेटोळं सोडायचे ते गबाळेपणाने नव्हे. त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसं शिकवलं होतं. मला कुणी उस्ताद नव्हता, माझं मीच शिकलो होतो, आणि त्याचाही मला अभिमान होता.

सहा पंचवीस झाले होते. नीट दुरुस्ती म्हणजे मधे केबलचा नवा तुकडा टाकायचा, तो स्टोअरमध्ये, आणि स्टोअर दहाला उघडणार. मी कठड्यावरचा क्लॅम्प सैल केला, केबल दोन्ही हातांत धरली, पाय कठड्याला टेकवले आणि जोडाकडे रेटली. तार आत गेली. हात सोडला तर बाहेर आली. पुन्हा रेटली. क्लॅम्प आवळायला एक हात तरी मोकळा हवा होता, आणि केबल एका हाताला ऐकत नव्हती.

फोन मी आधीच लावून खांद्यावर दाबला होता. "काकू, दिवा?"

"लुकलुकतोय... अजून लुकलुकतोय... थांबा. लागला! लागला खैरे!"

"मग तास सुरू करा."

"तुम्ही काय केलंत?"

"मी केबल धरून उभा आहे. तुम्ही सुरू करा, काकू. मी सोडत नाही."

पाऊण तास. माझ्या आयुष्यात मी याहून अवघड कामं केली आहेत, वादळात खांबावर चढलो आहे, पण याहून लांब काम केलेलं आठवत नाही. दहा मिनिटांनी बोटं गेली. हातमोजे मी आणलेच नव्हते, मोज्यांनी जोड नीट समजत नाही हा माझा आणखी एक सिद्धांत. त्या केबलमधून सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरसाठी थोडी वीजही जाते. ओल्या धुक्यात ती पेटीच्या कडेवरून मनगटाला अधूनमधून मुंगीसारखी चावत होती. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी टीव्हीवर आरती चालू होती, स्वच्छ, जराही खरखर नाही. माझी लाइन टीव्हीला उत्तम होती. मी केबलकडे बघत होतो, स्केलने ओढल्यासारख्या त्या रेघेकडे, आणि मला ती पहिल्यांदा अजिबात सुंदर वाटली नाही.

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण मला हे लिहिणं गच्चीवरच संपवायचंय. त्याच दुपारी मी नवा तुकडा टाकला आणि दोन्ही टोकांना हातभर केबलची वेटोळी सोडली. सेक्रेटरी खालून ओरडले, "खैरेजी, ये क्या लटका दिया?" मी म्हटलं, "लटकाया नहीं है जी, छोड़ा है." मग दोन हिवाळे मी माझ्या लाल टेपच्या मागे फिरलो. वैशाली, इंदिरापुरम, नोएडा, जिथे जिथे माझी सरळ लाइन होती तिथे ढील दिली. तेव्हापासून मी थंडीत सकाळच्या तक्रारीला सकाळीच गेलो, आणि बिघाड सापडला नाही तर स्लिपेवर तेवढंच लिहिलं. पथ्य पुन्हा कुणाला दिलं नाही. काकूंचं नाव यादीत राहिलं. पुढे कितीतरी वर्षं, फायबर आलं, आमच्या केबली भंगारात गेल्या, तरी त्या शिकवत राहिल्या. एमिली मात्र त्यांना परत मिळाली नाही. ते माझ्या नावावर आहे.

तर गच्ची. सव्वासातला फोनमधून आवाज आला, "झाला तास. सोडा आता." मी केबल सोडली, पण बोटं उघडेनात. ती मी एकेक करून कठड्यावर घासून सरळ केली. एवढ्यात जिन्याचं दार वाजलं. काकू शाल गुंडाळून, हेडफोन अजून गळ्यातच, हातात स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आल्या होत्या.

मी पेला तळहातांत धरून उभा राहिलो. आधी टेपकडे बोट दाखवलं.

"काकू, ही लाल पट्टी दिसते? ही माझी खूण आहे. ही लाइन मी टाकली. जास्त ताणली. तुमच्या घरात काही बिघडलेलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून काही नव्हतं. चूक माझी आहे."

काकूंनी टेपकडे पाहिलं, मग केबलकडे, धुक्यात जाईपर्यंत.

"पण मग गिझर?" त्या म्हणाल्या.

"गिझरचा काही संबंध नव्हता."

"तुम्ही तर लिहून दिलं होतं."

"मला माहीत नव्हतं, काकू. माहीत नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून लिहिलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई, चूक समोर आली की शांत होते, हे मला तेव्हा कळलं. मी खिशातून स्लिपबुक काढलं आणि आखडलेल्या बोटांनी, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं, "कारण: मेकॅनिकची चूक. केबल जास्त ताणलेली." खाली सही केली. कंपनीची प्रत मी ऑफिसात दिली आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. माझी प्रत अजून माझ्यापाशी आहे. तिसरी मी काकूंपुढे धरली.

"तीन आठवडे हे गॅसवर पातेलं तापवून बाथरूममध्ये नेतायत," काकू हळूच म्हणाल्या. "मी तासाला बसलेली. उठता येत नाही. परवा हात थरथरला आणि सगळं पायावर. मला म्हणाले, तू उठू नकोस, तास तुटेल."

मला ते बँडेज आठवलं. दारातलं ते "काही नाही हो" आठवलं. चहाचा पेला हातात होता, तरी हात गारच होते.

काकूंनी स्लिप घेतली, चष्मा लावून अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि घडी करून शालीत ठेवली. मग त्या जिन्याच्या दारापाशी गेल्या, जिन्याच्या कठड्याला धरून खाली वाकल्या आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाल्या,

"अहो! गिझर लावा!"